दांतावरील टोपीची घडणावळ

सोनाराच्या दुकानांतील हिशेब महाराष्ट्रांतल्या प्रत्येक घराला ठाऊक असतो. एका बाजूला सोन्याचें वजन, दुसऱ्या बाजूला घडणावळ. वजन घरधन्याच्या मालकीचें. तें पाटलीच्या रूपानें हातांत राहतें, अडचणीच्या वेळीं गहाण पडतें, मुलीच्या लग्नांत मोडून पुन्हां नव्या रूपानें उभें राहतें. घडणावळ मात्र एकदां दिली कीं गेली. सोन्याचा भाव पेठेनें ठरविलेला असतो, त्यावर ग्राहकाचें कांहीं चालत नाहीं; त्याची सारी हुज्जत घडणावळीवर. पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणीं पडलेल्या या हिशेबाला गेल्या सव्वाशें वर्षांत जर कोठें जबर धक्का बसला असेल, तर तो दांतावर बसविल्या जाणाऱ्या टोपीनें. सोनें तेंच, वजनाचा कांटा तोच. पण बसविलेली टोपी काढून गहाण टाकतां येत नाहीं, आणि तिची घडणावळ सोन्याच्या किंमतीला मागें टाकून पुढें जाते.

सातारा जिल्ह्याच्या कोरेगांव तालुक्यांतील रहिमतपूर हें असा हिशेब पुरतेपणीं जाणणारें गांव. कमंडलू नदीच्या कांठची ही जुनी व्यापारी पेठ. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याची कबर आणि मशीद येथें आहे. आणि वाङ्मयप्रेमी घरांना हें गांव ठाऊक असतें तें कवि गिरीश यांचे चिरंजीव नाटककार वसंत कानेटकर यांचें जन्मस्थान म्हणून. पुण्याहून मिरजेस जाणारी आगगाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत येथून धांवूं लागली. अशा पेठेच्या गांवीं सराफ असतो, वैद्य असतो, न्हावी असतो, लोहारही असतो. शिकलेला दंतवैद्य मात्र विसाव्या शतकांतही बराच काळ मोठ्या शहरांतच भेटे. त्यामुळें दाढ ठणकूं लागली म्हणजे रहिमतपूरच्या माणसापुढें दोनच वाटा असत : गांवांतच ती उपटून घेणें, नाहीं तर गाडींत बसणें. दांतावरच्या टोपीचा इतिहास हा पुष्कळसा या दोन वाटांमधील अंतराचा इतिहास आहे.

टोपी म्हणजे काय, हें आधीं थोडक्यांत पाहिलें पाहिजे. किडीनें पोखरलेला किंवा आंतली नस काढल्यामुळें ठिसूळ झालेला दांत चावण्याच्या जोरानें उभा चिरतो. त्याला चारही अंगांनीं आवळून धरणारें कवच म्हणजे टोपी. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार लोखंडी धांव तापवून चढवितो, तिचें काम आणि टोपीचें काम एकच. धांव सैल बसली तर चाक खिळखिळें होतें, आणि टोपी सैल बसली तर तिच्या कडेखालीं अन्न शिरून दांत आंतल्या आंत कुजतो. केसाएवढ्या फटीचा हा प्रश्न आहे. टोपीचा सगळा खर्च आणि रोग्याचा सगळा त्रास या एका फटीपायीं होतो, असें म्हटलें तरी चालेल.

आपल्या प्राचीन वैद्यकानें दांतांचा विचार बारकाईनें केलेला आहे. सुश्रुतानें मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली; त्यांत दंतमूलाचे पंधरा आणि प्रत्यक्ष दांतांचे आठ. कृमिदंत, म्हणजे किडका दांत, हा त्या आठांतलाच. वाग्भटानें अष्टांगहृदयांत किडक्या दांताची पोकळी गुळानें अथवा मेणानें भरून ती डागावी, असा उपाय दिला आहे. ज्या गुळाच्या गोडीवर दांतांची कीड पोसते असें आजचें शास्त्र म्हणतें, तोच गूळ येथें औषधाला उभा आहे. अर्थात् खरें काम तापल्या सळईचें, गूळ केवळ उष्णता आंत पोंचविणारा. तुटक्या दांतावर धातूचें कवच चढविण्याचा विधि मात्र या ग्रंथांत येत नाहीं.

सोन्याची आणि दांतांची गांठ आपल्या इतिहासांत पडते ती एका रणांगणावर. इ. स. ११९४ च्या सुमारास चंदावरच्या लढाईंत कनोजचा राजा जयचंद्र मारला गेला. प्रेतांच्या राशींत त्याचा देह ओळखूं येईना. शेवटीं त्याचे हलणारे दांत सोन्याच्या तारेनें बांधलेले होते, त्यावरून तो ओळखला गेला, असें अरब इतिहासकार इब्न अल्-असीर यानें लिहून ठेवलें आहे. एवढ्या मोठ्या राजाचा शेवटचा पुरावा म्हणून सोनाराचें एक बारीकसें काम उरावें, हा योग विलक्षण खरा. पण त्यावरून एक गोष्ट निश्चित होते : बाराव्या शतकांतल्या हिंदुस्थानांत दांतांना सोन्याचा आधार देणारे कुशल हात होते, आणि ते राजाच्या ऐपतीला परवडत होते.

याहून कितीतरी आधीं इटलींतील इट्रुस्कन लोकांत सोन्याच्या पातळ पट्ट्यांनीं दांत जखडण्याची रीत होती, आणि रोमन लोकांनीं ती उचलली. इ. स. पूर्वीं ४५० च्या सुमारास रोममध्यें बारा पाट्यांचा जो कायदा झाला, त्यांत मृताबरोबर सोनें पुरूं नये किंवा जाळूं नये, असा निर्बंध होता. त्याला एकच अपवाद ठेवलेला होता, दांत जोडलेल्या सोन्याचा. तें सोनें देहाबरोबर गेलें तरी गुन्हा नाहीं. कायदा करणाऱ्यांना मेलेल्याच्या तोंडांत हात घालणाऱ्या वारसांची ओळख चांगली असली पाहिजे. आपल्याकडे उलटी चाल : मरणोन्मुख माणसाच्या मुखांत गंगोदक, तुळशीपत्र आणि सोन्याचा कण घालावयाचा. जन्मभर घडणावळीवर घासाघीस करणारें घरही या कणाची किंमत विचारीत नाहीं.

राजाची गोष्ट वेगळी आणि पेठेतल्या माणसाची वेगळी. त्याच्या दाढदुखीवर पहिला उपाय लवंगेचा, आणि तो वाईट नव्हता. लवंगेच्या तेलांत बधिरता आणणारा गुण आहे व दंतवैद्यांनीं तें तेल पुढें आपल्या कपाटांत सन्मानानें ठेवलें. दुसरा उपाय रिंगणीच्या बियांच्या धुराचा. निखाऱ्यावर बी टाकून त्याचा धूर नळीनें दाढेशीं घ्यावयाचा आणि मग पाण्यावर तरंगणारे पांढरे ‘किडे’ रोग्याला दाखवावयाचे. जत्रेंतून दांतांतले किडे काढून देणाऱ्यांचा धंदा यावरच चाले. ते किडे बहुधा बियांतून सुटलेले अंकुर असत. परंतु धुरानें ठणका कांहीं वेळ थांबे, म्हणून पैसे देणारा समाधानानें घरीं जाई. सुवासिनी दातवण लावून दांत काळे करीत, तें शोभेसाठीं. राजस्थानांत स्त्रिया पुढच्या दांतांत सोन्याची बारीक मेख, म्हणजे चूंप, बसवून घेत, तीही शोभेसाठींच. दुखणारा दांत वांचविण्याचा उपाय यांत कोठेंच नव्हता. ज्याला कांहीं गुण येईना, तो शेवटीं सांडशीच्या स्वाधीन होई.

दांत वांचवून त्यावर कवच चढविण्याची विद्या वाढली ती मुख्यतः अमेरिकेंत, आणि तिच्या आरंभापासून पैशाचें भांडण तिला चिकटलेलें आहे. १८७१ सालीं मॉरिसन यानें पायानें चालविण्याचें कोरणीयंत्र काढलें. शिंप्याच्या शिवणयंत्राप्रमाणें पायटा दाबावा आणि दोरीनें कोरणी फिरावी. त्यामुळें दांत तासून त्याला आकार देणें प्रथमच शक्य झालें. पुढें १८८० च्या सुमारास रिचमंड या दंतवैद्यानें मुळांत रोवलेल्या खुंटीवर सोन्याची कडी व पुढें चिनीमातीचा दर्शनी भाग असलेली टोपी प्रचारांत आणली. कल्पना उत्तम, पण तिचे हक्क एका कंपनीनें घेतले आणि गांवोगांवच्या दंतवैद्यांकडे ती परवान्याचे पैसे मागूं लागली. टोपी आपल्या हातानें घडवावयाची, सोनें आपलें, रोगी आपला, आणि पट्टी मात्र न्यूयॉर्कच्या कंपनीला. दंतवैद्य चिडले. १८८८ सालीं शिकागोच्या क्राऊज नांवाच्या दंतवैद्यानें पुढाकार घेऊन त्यांचा संरक्षक संघ काढला, वर्गणी जमविली आणि कंपनीशीं न्यायालयांत झुंज घेतली.

याच सुमारास डेट्रॉईट शहरांत चार्ल्स लँड हा दंतवैद्य निराळ्याच खटपटींत होता. प्लॅटिनमचा अतिशय पातळ पत्रा दांतावर दाबून त्याचा सांचा घ्यावयाचा आणि त्यावर चिनीमाती भट्टींत भाजावयाची. १९०३ सालीं त्याची ही सबंध चिनीमातीची टोपी पूर्णत्वास आली. दांताच्या रंगाची, सोन्याचा लवलेश नसलेली. पण ठिसूळ, दाढेवर टिकणें कठीण. विमानानें अटलांटिक महासागर एकट्यानें ओलांडणारा लिंडबर्ग हा या लँडचा नातू. आजोबांच्या भट्टीजवळ या नातवाचें बालपण पुष्कळ गेलें, एवढें नमूद करून पुढें जावयास हरकत नाहीं.

आपल्या दृष्टीनें अधिक जिव्हाळ्याची हकीकत आहे ती १९०७ सालची. त्या वर्षीं विल्यम टॅगर्ट यानें न्यूयॉर्कमध्यें दंतवैद्यांच्या सभेपुढें सोनें ओतण्याची एक रीत दाखविली. पाहिजे त्या आकाराचा मेणाचा तुकडा घडवावयाचा, त्यावर मातीसारखें लेपन करावयाचें, तापवून मेण वितळवून काढावयाचें आणि राहिलेल्या पोकळींत सोन्याचा रस दाबून भरावयाचा. सभा थक्क झाली. पत्रा ठोकून वांकविलेल्या सैल टोपीच्या जागीं आतां दांताला तंतोतंत बसणारी ओतीव टोपी मिळूं लागली. टॅगर्टनेंही हक्क नोंदविले आणि तोही पैसे मागूं लागला. परंतु आयोवांतील फिलब्रुक या दंतवैद्यानें हीच रीत दहा वर्षांपूर्वीं, १८९७ सालीं, प्रसिद्ध केली होती असें निघालें आणि टॅगर्टचा हक्क न्यायालयांत टिकला नाहीं.

फिलब्रुकच्या आधीं किती वर्षें ही रीत ठाऊक होती, हें विचारावयाचें तर न्यायाधिशाला कल्याणच्या चालुक्यांच्या दरबारीं यावें लागलें असतें. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिसऱ्या सोमेश्वरानें रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथांत मूर्ति ओतण्याचा विधि सविस्तर आला आहे : मेणाची प्रतिमा, तिच्यावर मातीचे एकावर एक लेप, मेण गाळून काढणें आणि धातूचा रस ओतणें. धातु किती घ्यावा याचें मापही दिलेलें आहे. सोनें असेल तर मेणाच्या सोळापट वजनाचें. आजच्या दांतांच्या कारखान्यांतला कारागीरसुद्धां मेण तोलून, त्याला धातूच्या जडपणानें गुणून, किती धातु वितळवावयाचा तें ठरवितो. सह्याद्रीच्या पूर्वेचा हा मुलूख चालुक्यांच्या सत्तेखालीं होता. म्हणजे रहिमतपूरच्या पेठेंत मूर्ति किंवा नथीचा फांसा ओतणाऱ्या कारागिराला अमेरिकेच्या सभेंत थक्क करणारी विद्या वंशपरंपरेनें ठाऊक होती. त्याला ठाऊक नव्हता तो दांत. तोंडांतल्या ओल्या, हलत्या, दुखऱ्या जागेचें माप केसाएवढ्या चुकीनेंही न बिघडूं देतां बाहेर कसें आणावें, चावा कोठें लागतो, हिरडी कोठें सुजते, हें ज्ञान सोनाराच्या शाळेंत नव्हतें. टोपीची नवी घडणावळ या ज्ञानाची होती.

तें ज्ञान महाराष्ट्रांत पोंचलें तें हळूहळू. हिंदुस्थानांत दंतवैद्यकाचें पद्धतशीर शिक्षण डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास १९२० सालीं सुरू केलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतवैद्यक महाविद्यालय १९३३ सालीं निघालें. तोंवर आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें सामान्य माणसाचे दांत दोन प्रकारच्या माणसांच्या हातीं असत. एक, एखाद्या दंतवैद्याच्या हाताखालीं राहून काम उचललेले. दुसरे, चीनच्या हुबेई प्रांतांतून आलेले चिनी दांतवाले, जे कलकत्ता-मुंबईपासून हिंदुस्थानच्या अनेक शहरांतून दुकानें थाटून बसले आणि ज्यांच्या हातच्या कवळ्यांची कीर्ति अजून ऐकूं येते. यांना एकजात भोंदू म्हणणें अन्यायाचें होईल. १९४८ सालीं दंतवैद्यांचा कायदा झाला, तेव्हां त्यांतही या वस्तुस्थितीला जागा ठेवावी लागली : नोंदणीच्या ‘अ’ भागांत पदवीधर, आणि ‘ब’ भागांत पदवी नसली तरी पांच वर्षांहून कमी नाहीं इतका काळ याच धंद्यावर पोट भरलेले. पुढल्या वर्षीं भारतीय दंत परिषद स्थापन झाली आणि नव्यांना मात्र पदवीवांचून दार बंद झालें.

या मधल्या काळांतच ‘सोन्याचा दांत’ हें प्रतिष्ठेचें लक्षण ठरलें. हंसतांना चमकणारा पुढचा दांत म्हणजे ऐपतीची उघडी पावती. पुष्कळदां ही टोपी धडधाकट दांतावर, केवळ मिरविण्यासाठीं, पातळ पत्र्याची बसविली जाई. ती नीट बसत नसे, कडेखालीं अन्न साठे आणि कांहीं वर्षांनीं सोन्याच्या आड चांगला दांत काळा पडे. दांतांच्या इतिहासांत इतका महाग घेतलेला रोग दुसरा क्वचितच असेल.

हिशेबाकडे वळावयाचें तर सोन्याच्या भावापासून निघावें लागतें. १९२७ च्या चलनकायद्यानें शुद्ध सोन्याचा दर तोळ्याला एकवीस रुपये तीन आणे दहा पै असा ठरविला. दाढेच्या ओतीव टोपीस पाव तोळा सोनें लागतें असें धरलें, तर त्या दरानें धातूची किंमत सव्वापांच रुपयांच्या किंचित वर. सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें, सोन्याचा भाव चढूं लागला, आणि मंदीनें शेतमालाचे भाव मात्र पडलेलेच राहिले. तेव्हां खेड्यापाड्यांतल्या घरांतून डाग मोडले गेले. मुंबई बंदरांतून तें सोनें जहाजें भरून विलायतेस गेलें. सारा भरण्यासाठीं पुतळ्या विकणाऱ्या घराला पाव तोळा सोनें दाढेवर ठेवण्याचा सल्ला देणें म्हणजे थट्टाच. गंमत अशी, कीं दोनच वर्षांनीं, १९३३ सालीं, अमेरिकेंत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं लोकांजवळचें सोनें सरकारजमा करण्याचा हुकूम काढला, त्यांतून धंद्यासाठीं लागणारें सोनें वगळलें, आणि दंतवैद्यांची कपाटें सुरक्षित राहिलीं. रोमच्या बारा पाट्यांनंतर सोन्याच्या कायद्यानें दांतांपुढें नमतें घेतल्याचें हें दुसरें उदाहरण.

पण सव्वापांच रुपये हा खर्चाचा लहान भाग होता. रहिमतपूरच्या रोग्याला टोपी हवी असेल तर ती एका भेटींत होत नसे, आजही बहुधा होत नाहीं. प्रथम दांताची नस काढावयाची, मूळ साफ करून भरावयाचें, मग दांत तासावयाचा, मग माप, मग टोपी घडून येईपर्यंत थांबणें, मग बसवून पाहणें, चावा जुळविणें आणि शेवटीं सिमेंटनें पक्की करणें. प्रत्येक खेपेला स्टेशन गांठावयाचें, गाडीचें भाडें, बरोबर एक माणूस, पुण्यास किंवा मिरजेस नातेवाइकाकडे मुक्काम, आणि घरीं खोळंबलेलें काम. दांत एक आणि फेऱ्या चार. एवढें सगळें धरल्यावर सोन्याची किंमत हिशेबांत दिसेनाशी होई. उपटण्याला मात्र एकच फेरी, आणि ती गांवांतल्या गांवांत.

त्यावर त्रासाची भर वेगळी. पायानें फिरणारी कोरणी मिनिटाला फार तर दोनएक हजार फेरे घेई. दांताचें कवच शरीरांतला सर्वांत कठीण पदार्थ, त्यामुळें तासण्याचें काम संपतां संपत नसे आणि त्याची घरघर कवटींत घुमे. नोव्होकेन हें बधिर करणारें औषध १९०५ सालीं आलें होतें, पण सुईची भीति दाढेच्या भीतीहून कांहीं कमी नव्हती. माप घेण्यासाठीं ओलें प्लॅस्टर तोंडांत भरीत. तें घट्ट होतांना गरम होई, आणि बाहेर काढतांना तुकड्या-तुकड्यानें मोडून काढावें लागे. ते तुकडे मग जोडून त्यांतून दांताची प्रतिकृति तयार होई. स्वीडनमध्यें लॉफ्‌ग्रेन यांनीं १९४३ सालीं शोधलेलें लिडोकेन, शेवाळापासून काढलेलें मापाचें मऊ द्रव्य आणि बॉर्डन यांनीं १९५७ सालीं आणलेली हवेच्या जोरावर मिनिटाला तीन लाख फेरे घेणारी कोरणी, या तिघांनीं हा छळ पुष्कळ कमी केला. त्या कोरणीचें ‘एअरोटर’ हें नांव आपल्याकडे सर्वतोमुखीं झालें आहे. तिची शीळ अजून अंगावर कांटा आणते खरी, परंतु आजोबांच्या पिढीला जें तासभर सोसावें लागे तें आतां कांहीं मिनिटांत आटोपतें.

टोपी बसल्यावरची परीक्षा मात्र सर्व पिढ्यांची एकच. दंतवैद्य रंगीत कागद चावावयास देऊन कोठें उंच लागतें तें पाहतो. रोग्याचा विश्वास बसतो तो घरीं जाऊन जोंधळ्याची भाकरी, भाजलेले शेंगदाणे आणि जमल्यास उसाचें कांडें चावून पाहिल्यावरच. दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, ही म्हण ज्या देशांत झाली तेथें चणे हाच प्रमाण मानला जावा, यांत नवल नाहीं.

सोन्याचें युग संपलें तें पन्नास-साठ वर्षांत. १९६३ सालीं सरकारनें सोन्यावर नियंत्रण आणलें, दागिन्यांना चौदा कॅरटांची मर्यादा घातली आणि हजारो सोनारांचे हात रिकामे झाले. त्या नियंत्रणाचा कायदा १९९० सालीं रद्द झाला. तिकडे अमेरिकेंत वाईनस्टाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६२ सालीं धातूवर चिनीमाती पक्की चिकटविण्याची युक्ति साधली. आंत धातूची ताकद, बाहेर दांताचा रंग. सोन्याच्या जागीं निकेल, क्रोमियम आणि कोबाल्ट यांच्या स्वस्त मिश्रधातु आल्या. १९८५ सालीं झुरिक येथें मोर्मान यांनीं संगणकाच्या साहाय्यानें कोरलेला चिनीमातीचा तुकडा एकाच बैठकींत दांतांत बसविला, आणि या शतकांत झिर्कोनियाच्या शुभ्र, कणखर टोप्या सर्वत्र झाल्या. २०२५ सालीं दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला. त्या भावानें पाव तोळ्याचेच जवळजवळ एकोणतीस हजार होतात. तेव्हां सोन्याची टोपी मागणारे उरले नाहींत, तर त्यांत आश्चर्य नाहीं.

येथें जुना हिशेब पुरता कोलमडतो. धातूच्या टोपींत आज कित्येकदां मूठभर चण्यांच्या किंमतीइतकाही धातु नसतो, तरी टोपीला हजारांत पैसे मोजावे लागतात, आणि नस काढण्याचे वेगळे. वडीलधाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, “यांत आहे काय एवढें?” प्रश्न सराफी पेठेंतला आहे आणि तेथें तो योग्यही आहे. पण टोपींत आहे ती तीन-चार बैठकींची मेहनत, सुया, कोरण्या, हत्यारें निर्जंतुक करण्याचा खर्च, आणि रोग्याला कधींही न दिसणारा एक माणूस : दूर शहरांतल्या कारखान्यांत बसून, पार्सलानें आलेल्या मापावरून, कोणाचें तोंड न पाहतां दाढेचे उंचवटे घडविणारा कारागीर. सोनाराशीं निदान समोरासमोर हुज्जत घालतां येत असे. या कारागिराचें नांवही बिलावर नसतें.

आणि ज्याला हें परवडत नाहीं, त्याच्यासाठीं जुनी वाट मोकळीच आहे. दांत काढणें आजही टोपीच्या मानानें फार स्वस्त पडतें. आरोग्यविम्याच्या बहुतेक करारांतून अपघात सोडला तर दांतांचे उपचार वगळलेले असतात. घरांत पैसा एकाच टोपीपुरता असेल, तर ती कमावत्या माणसाच्या दाढेवर चढते आणि आजीची दाढ निघते. आजीही “माझे आतां किती दिवस” म्हणून मान डोलावते, आणि पुढें वर्षानुवर्षें भाकरी दुधांत कुस्करून खाते. या वाटेवर थोडा उतारा मिळाला आहे तो शिक्षणसंस्थांमुळें. रहिमतपूरहून ज्या रुळांवरून पूर्वीं मिरजेकडे जावें लागे, त्याच रुळांवर कऱ्हाडला आणि सांगलीला आतां दंतवैद्यक महाविद्यालयें आहेत. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखालीं खाजगी दवाखान्यांहून कमी खर्चांत काम करितात. वेळ अधिक लागतो, फेऱ्या वाढतात. म्हणजे पैशाची घडणावळ कमी आणि दिवसांची अधिक. शेतीच्या हंगामांत हा सौदा परवडत नाहीं, उन्हाळ्यांत परवडतो.

जुन्या सोन्याच्या टोप्या अजून कोठें कोठें निघतात. तीस-चाळीस वर्षें दाढेवर राहिलेली टोपी खालचा दांत गेल्यामुळें काढावी लागली, तर तें सोनें रोग्याचें. तें कागदाच्या पुडींत बांधून त्याच्या हातीं द्यावयाचें. सराफ तें कसोटीवर घांसतो, आंत चिकटलेलें सिमेंट खरवडतो, इतर धातूंच्या मिश्रणामुळें घट धरतो आणि राहिलेल्या वजनाचे पैसे मोजतो. घडणावळ अर्थातच धरीत नाहीं. झिर्कोनियाची टोपी काढावयाची झाली तर ती हिऱ्याच्या कोरणीनें चिरावी लागते आणि तिचे तुकडे पिकदाणींतून वाहून जातात. सोनाराच्या दुकानांतला केर धुवून त्यांतला कण वेंचणारे झारेकरी पूर्वीं गांवोगांव फिरत. दंतवैद्याच्या खोलींतल्या या पांढऱ्या भुकटीला त्यांनीं हातही लावला नसता.